आठ मिनिटं आधी

३ फेब्रुवारी, सोमवार

पोहोचलो. कारंज्याहून काल संध्याकाळी निघालेली बस सकाळी साडेसहाला स्वारगेटला लागली, तिथून पीएमटीने धायरी. आईला फोन करून सांगितलं की खोली गच्चीवर आहे, स्वतंत्र आहे, नळाला पाणी आहे आणि खिडकीतून सिंहगड दिसतो. सिंहगड खरंच दिसतो. दोन टॉवरच्या मधल्या फटीतून दिसतो, पण फटीचं आईला सांगितलं नाही.

घर चार मजली. मालकीणबाईंचं नाव बायडाबाई. इथे पूर्वी त्यांची ज्वारी असायची, आता त्या जागी टॉवर आहेत आणि उरलेल्या दीड गुंठ्यात हे घर. गच्चीच्या एका कोपऱ्यात माझी खोली, दुसऱ्या कोपऱ्यात पत्र्याचा पांढरा घुमट. घुमटात दुर्बीण आहे. ती रावसाहेब सरांची. सर निवृत्त आहेत, शनिवार पेठेत राहतात आणि स्वतःच्या हौसेने सूर्याचा अभ्यास करतात. बरोबर आठला स्कूटरवरून आले. मी हात पुढे केला, तर त्यांनी लांबूनच नमस्कार केला आणि दोन्ही हात पुन्हा पाठीमागे बांधले. बीएस्सीला दोनदा नापास झालेला तो मीच का, असं विचारलं. मी हो म्हणालो. त्यावर म्हणाले, उत्तम, शिकलेली माणसं बघायच्या आधीच काय दिसणार ते ठरवून मोकळी होतात, आपण तेवढी तसदी घेणार नाही अशी आशा आहे.

त्यांचं बोलणं असंच असावं. मला राग आला नाही.

ही वही अपेक्षाने दिली. माझी धाकटी बहीण, बीकॉमच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या पानावर तिने 'शास्त्रज्ञ साईनाथ' असं लिहून ठेवलंय. खोडलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काम समजलं. नीट लिहून ठेवतो.

सूर्याच्या वातावरणाचा खालचा थर असतो, त्याला वर्णगोल म्हणतात. खास फिल्टरमधून तो गडद लाल दिसतो आणि त्यावर बारीक लव असल्यासारखं वाटतं. सूर्याच्या पोटातून लाटा वर येतात आणि या थरात येऊन फुटतात. सौरडागाच्या काळ्या मध्यात साधारण दर तीन मिनिटांनी एक चमक उठते आणि पाण्यात खडा टाकल्यावर वलय जातं तशी कडेकडे पसरत जाते. तीन मिनिटं म्हणजे अगदी तीन नाहीत. कधी एकशे सहासष्ट सेकंद, कधी एकशे ऐंशी. हा कमीजास्तपणाच सरांना हवा आहे.

मी आयपीसला डोळा लावून बसायचं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली कॉलबेलचं साधं बटण असतं. चमक दिसली की ते दाबायचं. संगणक वेळ टिपतो, पण मी ती नोंदवहीतही हाताने लिहायची. कॅमेरा आहे, तरी सरांना माणूस लागतो. का, ते विचारलं नाही.

नियम एकच. ढग आला तर तेवढ्या रकान्यांवर तिरकी रेघ मारून ते कोरे सोडायचे, अंदाजाने भरायचे नाहीत. हे सर तीनदा म्हणाले. चाळीस दिवसांची नोंद झाली की त्यांचा निबंध परदेशी छापायला जाईल आणि त्यात माझं नाव असेल. नाव कुठे असेल असं मी विचारलं. म्हणाले, माझ्या नावाच्या खाली, पण त्याच शाईत.

घरी अजून सांगितलं नाही. छापून आल्यावर थेट पान दाखवीन. दोनदा नापास झाल्यावर आईने शेजारी एक शब्द सांगितला नव्हता, मी परीक्षेला आजारी होतो एवढंच म्हणत राहिली.

आणखी एक. सूर्यावरून निघालेला उजेड इथे यायला सध्या आठ मिनिटं बारा सेकंद लागतात. म्हणजे मी बघतो ती चमक तिथे केव्हाच होऊन गेलेली असते. मला हे माहीत होतं, पेपरात लिहिलंही होतं. पण डोळा आयपीसला लावलेला असताना ऐकलं तेव्हा जरा गार वाटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पूर्वेच्या कडेवरून एक मोठा डाग आत आला आहे. सर म्हणाले, आता तेरा दिवस हा आपला. मग तो पश्चिमेच्या कडेपलीकडे जाईल आणि तेरा-चौदा दिवस मागच्या बाजूला राहून परत येईल.

आज १३८ चमका. एकही चुकली नाही. बायडाबाईंनी दुपारी ज्वारीची भाकरी आणि घेवड्याची भाजी वर आणून दिली. उजवा हात बटणावर म्हणून मी डाव्या हाताने खातो हे बघून त्या उजव्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या. मग विचारलं, घरी कोण कोण हाय. आई आणि बहीण, म्हणालो. वडील नाहीत. त्या बराच वेळ पदराने ताटाची कड पुसत होत्या.

९ फेब्रुवारी, रविवार

आज बायडाबाईंचा मुलगा पाहिला. सुदर्शन. माझ्याआधी चार वर्षं हेच काम तो करत होता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसलेला असतो. वय तिशीचं. त्याला वर्षभरापासून दिसत नाही.

मी घाबरलो. सरांना थेट विचारलं. त्यांनी फिल्टर काढून उन्हात धरला, मला दाखवला, स्वतःचा डोळा लावला आणि म्हणाले, सुदर्शनच्या डोळ्यांत काही दोष नाही, तीन डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, हवं तर कागद बघा. कागद पाहिले. खरंच तसं लिहिलंय. डोळे चांगले आहेत, फक्त त्यांना दिसत नाही.

त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मधूनमधून खुर्चीच्या हातावर पडतं. तिथलं पॉलिश जाऊन लाकूड खोलगट झालं आहे. बटण दाबायची सवय असणार. माझंही बोट परवा ताटावर पडलं होतं.

संध्याकाळी अपेक्षाचा फोन. कारंज्यात वीज गेली होती. लहानपणी वीज गेली की ती रडायची, मग मी तिचा हात धरून मोजायचो. वीज परत येईपर्यंत दोघंही मोजायचो. एकदा चार हजारांच्या वर गेलो होतो. आज म्हणाली, तू नाहीस तर मी एकटीच मोजत बसले होते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज माझ्याकडून चूक झाली. जशी झाली तशी लिहितो.

साडेदहाला ढग आले. रेघ मारायला पट्टी घेतली आणि हात पुढे जाईना. कोरा रकाना बघवत नाही. पेपरात प्रश्न सोडून उठावं तसं वाटतं, आणि मी दोनदा उठलो आहे. पाणी प्यायला खाली गेलो. सुदर्शनचं दार उघडं होतं आणि त्याचं बोट पडत होतं. घड्याळ हातात होतंच. सहज वेळा लिहिल्या: ११.०२.१०, ११.०५.०४, ११.०७.५३.

वर आलो. ढग विरळ झाला होता. चमका दिसल्या ११.१०.२२ला, ११.१३.१६ला, ११.१६.०५ला.

तिन्ही वेळा फरक आठ मिनिटं बारा सेकंद. मी चारदा वजाबाकी केली.

मग पुन्हा ढग आले ते तीनपर्यंत. मी खाली जाऊन सुदर्शनच्या दाराशी बसलो, त्याच्या बोटाच्या वेळा लिहिल्या, प्रत्येकीत आठ मिनिटं बारा सेकंद मिळवले आणि रकाने भरले. सत्त्याहत्तर रकाने. वहीत एकही रेघ नाही. पान फार सुरेख दिसतंय आणि मला झोप येत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सर माझी नोंद परदेशी उपग्रहाच्या चित्रांशी ताडून बघतात. आज वर आले तेव्हा जिन्याने धाप लागली होती. काल साडेदहा ते तीन सगळ्या पुण्यावर ढग होते आणि आपल्या नोंदी सेकंदाला बरोबर आहेत, हे कसं, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं. सांगताना पिशवी भरायची हेच डोक्यात होतं.

ते स्टुलावर बसले. चष्मा काढून पुसत राहिले. शेवटी म्हणाले, आपण नापास कसे झालात हे मोठं कोडं आहे.

ओरडले नाहीत. परवापासून रोज थोडा वेळ सुदर्शनजवळ बसायचं, त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवायचं आणि मनातल्या मनात सेकंद मोजत पुढच्या चमकेची वाट बघायची, असं ठरलं. म्हणजे ढग असो, काही असो, नोंद तुटणार नाही. मोजायचं विसरू नका, असं दोनदा सांगितलं.

बायडाबाईंना हे कळलं तेव्हा त्या जिन्यातच बसून राहिल्या. संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी पुरणपोळी केली. आज कुठलाही सण नव्हता. मी तीन खाल्ल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज आनंदाचा दिवस.

दहा वाजता सुदर्शनसमोर बसलो. बायडाबाई दारात, सर खिडकीशी, हात पाठीमागे. मी त्याच्या बोटावर बोट ठेवलं आणि मोजायला लागलो. एकशे सत्तरला त्याचं बोट दबलं. माझ्या बोटात काहीतरी टोचल्यासारखं झालं, खूप बारीक. आणि सुदर्शनने मान वळवली. त्याने आईकडे बघितलं. नुसती मान नाही वळवली, बघितलं. म्हणाला, हिरवं लुगडं कधी घेतलंस.

वर्षभराने त्याला दिसलं. बायडाबाई तोंडावर पदर दाबून हुंदके देत होत्या. शेजारची माणसं जमली. कोणीतरी पेढे आणले. सुदर्शन गच्चीवर आला आणि सिंहगडाकडे बघत उभा राहिला. सगळे त्याच्याभोवती होते. मी अपेक्षाला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, दादा, तुझा पायगुण.

बायडाबाईंनी मला पेढा दिला, पण माझ्याकडे बघून दिला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

माझं बोट पडतं आहे.

सवय असेल असं सकाळी वाटलं. मग वेळा लिहिल्या. अंतरं १७१, १७७, १६८, १८०. घुमटात जाऊन डोळा लावला. आठ मिनिटं बारा सेकंदांनी तीच अंतरं.

बोट मी पाडत नाही. दुसऱ्या हाताने धरून ठेवलं तरी आतून दाबलं जातं. अंधारात भिंतीवर दिव्याचं बटण चाचपावं तसं कोणीतरी चाचपतं आणि त्याला ते सापडतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मनगटापर्यंत आलं.

बायडाबाईंना गाठलं. आधी नाही नाही म्हणाल्या, मग सगळं सांगितलं. सुदर्शनला बोटापासून सुरू झालं होतं. मनगट, कोपर, खांदा, मान आणि मग डोळे. सर म्हणाले होते की मोजणारं दुसरं माणूस येऊन त्याने हात धरला की हा सुटेल. बाईंनी स्वतः वर्षभर त्याचा हात धरून पाहिलं होतं, रात्र रात्र. काही झालं नाही. मला मोजता येत न्हाई बाळा, एवढंच म्हणाल्या, आणि माझे पाय धरायला वाकल्या. मी पाय मागे घेतले. माझ्या आईनेही हेच केलं असतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

डाग पश्चिमेच्या कडेपलीकडे गेला. सकाळी ९.२०नंतर आयपीसमध्ये काहीही नाही. स्वच्छ लाल कड.

बोट पडतच आहे. कोपरापर्यंत.

पिशवी भरून स्वरगेटला गेलो. कारंज्याची बस लागलेली होती, तिकीट काढलं, खिडकीजवळ बसलो. मग लक्षात आलं. घरी पोहोचलो की अपेक्षा पहिल्यांदा काय करील? माझा हात धरील. काय झालं दादा विचारील, आणि मी सांगितलं की ती मोजून बघील. ती मोजल्याशिवाय राहणार नाही. तिला मीच शिकवलंय.

उतरलो. धायरीची बस पकडली. आईला सांगितलं, काम वाढलंय.

वरच्या शब्दात काना राहून गेला आहे. स्वारगेट. तो खोडत नाही, खाडाखोड करायला हात पुरत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सर आनंदात आहेत. सूर्याच्या मागच्या बाजूची नोंद पृथ्वीवरून कोणालाच घेता येत नाही, म्हणाले, आणि आपण ती गच्चीवर बसून घेता आहात. निबंधात माझं नाव त्यांच्या नावाच्या शेजारी टाकणार आहेत.

मी त्यांचा हात धरायला झेपावलो. ते मला वाटलं त्यापेक्षा चपळ निघाले. दारापलीकडे उभे राहून शांतपणे म्हणाले, अहो, मी पंचेचाळीस वर्षं मोजतो आहे, माझा हात आपल्याला कसा देईन.

गेल्यावर लक्षात आलं की त्यांनी मला कधी पेनसुद्धा हातात दिलेलं नाही. टेबलावर ठेवतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

खांदा. झोपेतही थांबत नाही.

सुदर्शन वर आला होता. दारातच थांबला. त्याचा चेहरा भरलाय. म्हणाला, त्याला सगळं समजतंय. चार वर्षांत त्याला सवय झालेली आहे, मला नाही, तर उद्या येऊन तो माझा हात धरील आणि मोजील. मी त्याला खूप वेळा धन्यवाद दिले.

२३ फेब्रुवारी, रविवार

सुदर्शन आला नाही.

गच्चीवर आला, पण खोलीकडे नाही. कठड्याशी उभा राहून सिंहगड बघत होता. मी हाक मारली तेव्हा उद्या येतो म्हणाला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मान. सुदर्शन पाहुण्यांकडे मांजरी गावाला गेलाय. बायडाबाई ताट दाराबाहेर ठेवून जातात.

नोंदी सोडायच्या असं ठरवलं. लिहिलंच नाही तर काय होईल? सकाळी दोन रकाने कोरे सोडले. तिसऱ्याला घाम फुटला. मग तिन्ही भरले. वेळा लक्षात होत्याच. आता घड्याळ लागत नाही, वेळ आतून कळते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज ते डोळ्यांत पोहोचलं.

पानाच्या मध्यभागी काळा ठिपका आहे. नजर जिथे नेतो तिथे तो जातो. त्यातून चमक उठते आणि कडेकडे जाते. ती गेली की कडेचं थोडं दिसत नाही. पुढच्या चमकेला आणखी थोडं.

सुदर्शनबद्दल मला वाटायचं तसा अंधार नाही हा. सगळीकडे तोच लाल –

१ मार्च, शनिवार

पट्टी लावून लिहितो. पट्टीच्या खाली जायचं नाही, एवढं केलं की ओळी एकमेकींवर येत नाहीत.

आईच्या फोनवर हसून बोललो. अपेक्षाने मागून विचारलं, दादाचा आवाज असा का. सर्दी म्हणालो.

३ मार्च, सोमवार

अपेक्षाला कळलंय.

बायडाबाईंनी माझ्या फोनमधून नंबर घेऊन तिला फोन केला. त्यांना वाटलं घरचं कोणी यावं. रडत सांगत होत्या, लेकरा, तुझ्यासाठीच केलं. त्या खरंच माझ्यासाठीच – 

अपेक्षाला चारदा सांगितलं, येऊ नकोस. हात धरू नकोस. मोजू नकोस. प्रत्येक वेळी ती हो म्हणाली, लहान मुलाला म्हणावं तसं.

४ मार्च, मंगळवार

डाग पूर्वेच्या कडेवर परत आला असणार. सर घुमटात आहेत, पत्रा सरकल्याचा आवाज आला. मला ते कोणी सांगायला नको. आता जोर दुप्पट आहे. फरक आठ मिनिटं पंधरा सेकंद झाला, पृथ्वी जरा लांब सरकली, सर म्हणाले, हिशेबाप्रमाणेच.

५ मार्च, बुधवार

अपेक्षा संध्याकाळच्या बसने निघतेय. दाराला कडी लावीन. पण कडी सर काढून घेऊन गेले, दुरुस्तीला.

जाताना विचारत होते, बहीण गणितात कशी आहे.

६ मार्च, गुरुवार

८.३५.२४ – जिन्यात तिचा आवाज. बायडाबाई तिला चहा घे म्हणतायत. ती थांबत नाही.

हात मांडीखाली घेतला आहे. रकाना भरण्यापुरता बाहेर.

८.३८.१७ – 

८.४१.१० – आली. दारातच थांब म्हणालो, थांबली. सगळं सांगितलं. रडतेय. म्हणते ताप आहे, डॉक्टर, घरी चल, आई. मी म्हणालो काहीही कर, फक्त हात धरू नकोस. बरं म्हणाली.

हात आत.

८.४४.०२ – तिने खोली झाडली. पाणी दिलं, पेला बाजूला ठेवला, हातात नाही. ऐकतेय. माझी गुणी –

हात आत.

८.४६.५५ – खाटेवर येऊन बसली. जवळ. म्हणते, दादा, वीज गेली आहे असं समज. येईल परत. मी मोजते, तू गप पडून राहा. नको म्हणालो. नको अपेक्षा. ती मोजतेय. हळू, पूर्वीसारखं. साठ. एकसष्ट. ओरडलो तर आणखी हळू मोजते, समजुतीने

हात आतच ठेवायचा आहे. फक्त पुढचा एक रकाना. वेळ मला माहीत आहे, आधीच लिहून टाकतो आणि हात आत, मग दिवसभर काढणारच नाही. हा एक कोरा राहिला तर

८.४९.४८ – 

ओळ सरळ आहे.

ओळ दिसतेय. निळी शाई आहे. मला वाटलं काळी. पट्टी दिसतेय. माझ्या मनगटावर तिचा हात. बांगडी, मीच घेतलेली.

ती माझ्याकडे बघत नाही. भिंतीकडे बघतेय. दादा वीज आली का विचारतेय. तिचं बोट

परत घेता येतं. तिचा हात धरायचा, मोजायचं, पुढच्या वेळेला माझ्याकडे येईल. सोपं आहे. एकशे सत्तरच्या आसपास. आत्ता चाळीस झाले असतील. वही मिटायची आणि हात धरायचा. धरतोच आहे.

खिडकी उघडी आहे. सिंहगड दिसतोय. वर मनोरा आहे, झाडं आहेत, सगळं वेगवेगळं दिसतंय. एकदा नीट बघतो आणि

ऐंशी. एक्क्याऐंशी. अपेक्षा हात पुढे करून चाचपतेय. इथेच आहे मी. धरतो. एवढी नोंद

एकशे चार. फट केवढी मोठी आहे, त्या दिवशी नीट बघितलीच नव्ह